‘चापूनचोपून’मधला चोप

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. आजीच्या जन्मशताब्दीनिमित्त घरातल्यांसाठी एक छोटी पुस्तिका निघते आहे. तुम्ही त्यात ‘आजी कायम चापूनचोपून असायची’ असं वाक्य लिहिलंत. मावसभाऊ म्हणाला, चोप म्हणजे मार, आजीबद्दल असं कसं लिहितेस? काका म्हणाले, काही घाबरू नकोस, संस्कृतात ‘चाप’ म्हणजे धनुष्य, ताणलेल्या धनुष्यासारखं रेखीव ते चापूनचोपून. आता तुम्हाला शब्दाचा अर्थ हवाय, मूळ हवंय, आणि वाक्य ठेवायचं की काढायचं तेही हवंय.

दोघेही चुकलेत, पण सारखे चुकलेले नाहीत. मावसभाऊ बराच जवळ पोचलाय. काकांनी वाट सोडली आहे. आणि तुमच्या वाक्यात खरोखरच एक अडचण आहे, ती मात्र दोघांनाही दिसली नाही. तिच्याकडे शेवटी येते.

अठ्ठावीस वर्षं मी मुद्रितं तपासते आणि दुसऱ्यांचं मराठी दुरुस्त करते. मुळाच्या बाबतीत कोशांच्या आधारानं चालते, वापराच्या बाबतीत कानाच्या. या शब्दाबद्दल दोन्ही एकच गोष्ट सांगतात, म्हणून इतक्या ठामपणे लिहिते आहे.

चापणे म्हणजे दाबून सपाट करणं, घट्ट बसवणं. हे क्रियापद शहरात सुटं फारसं ऐकू येत नाही, पण त्याची पिल्लं घरभर सापडतील. केसांना लावायचा चाप, कागद धरून ठेवणारा चाप, ‘खर्चाला चाप लावला’ मधला चाप. बंदुकीचा चाप आपण ‘ओढला’ म्हणतो खरा, पण बोटाला विचाराल तर ते दाबलाच म्हणेल. चापून जेवणं म्हणजे पोटात जागा न ठेवता जेवणं, गोणी चापून भरणं म्हणजे आत पोकळी न ठेवता भरणं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. तिथे ‘चापणे’ काढून पाहा, अर्थ दाबण्याचाच सापडेल.

शेजारी डोकावलं तर आणखी उलगडतं. गुजरातीत चांपवुं म्हणजे दाबणं, हिंदीत चाँपना म्हणजे तेच, बंगालीत चाप म्हणजे दाब. रॅल्फ टर्नर यांनी भारतीय-आर्य भाषांचा जो तौलनिक कोश १९६६मध्ये पुरा केला, त्यात हे शब्द ‘दाबणे’ अशा अर्थाच्या एकाच मुळाखाली येतात, आणि त्या मुळापुढे तारा (*) आहे. अशी तारा असली की समजायचं, हे रूप कुठल्या ग्रंथात लिहिलेलं सापडलेलं नाही, आजच्या भाषांवरून मागं मागं जात ते बांधलंय. म्हणजे शब्द जुना आहे, पण पोथीतला नाही. बोलीतून बोलीत, तोंडातून तोंडात आलेला आहे.

अशा शब्दांचं आपल्याकडे एक होतं: त्यांना संस्कृत आजोबा शोधून दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. काकांचं तेच झालंय. संस्कृत ‘चाप’ म्हणजे धनुष्य हे बरोबर आहे, फक्त तो शब्द या घरातला नाही. ओळखायचं कसं? मी एक साधी परीक्षा करते. शब्द आज जिथे जिथे राबतो, तिथे कोणती क्रिया होते ते बघते. धनुष्याचं सगळं काम ताणण्याचं. चापून भरणं, चापून जेवणं, चापून बसवणं यात कुठेच ताण नाही, सगळीकडे दाब आहे. नुसता उच्चार जुळला आणि क्रिया जुळली नाही, तर ते नातं मी मान्य करत नाही. याच परीक्षेत ‘चापलूस’ही गळतो, तो फारसीतून आलाय. ‘चापल्य’ही गळतं, ते संस्कृत चपलवरून. तीनही शब्द ‘चाप’नेच सुरू होतात आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही.

आता मावसभावाचा चोप.

चोप म्हणजे मार, हे कोण नाकारणार? पण चोपतात कशाला, तेही पाहायला हवं. अंगण चोपतात. मुरूम-माती टाकून, पाणी शिंपडून, लाकडी चोपणीनं ठोकत ठोकत जमीन अशी करायची की तिच्यावर धान्य सांडलं तरी वेचता यावं. सपाट वस्तूनं पुन्हा पुन्हा हलके-जड ठोके देऊन पृष्ठभाग बसवणं, हे चोपणं. कुणाच्या पाठीवर ती क्रिया झाली की तिला चोप म्हणतात, अंगणावर झाली की कौतुक होतं. मावसभावाला शब्दाचा एकच पत्ता माहीत आहे, एवढंच.

पण ‘चोप’ची गोष्ट इथे संपत नाही, कारण मराठीत त्याला लागून आणखी एक क्रियापद आहे: चोपडणं. तेल चोपडणं, तूप चोपडणं. हिंदीत चुपड़ना, आणि लोणी लावून बोलणाऱ्याच्या ‘चिकनी-चुपड़ी’ बाता. हा शब्द फार जुना आहे. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘माखणे, लेपणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूला प्राकृतात ‘चोप्पड’ होतं असं त्यानं सूत्रच दिलंय. मूळ पाहिलं तर चोपणं वेगळं, चोपडणं वेगळं. केसांच्या बाबतीत मात्र दोन्ही हात एकाच डोक्यावर चालतात. तेल चोपडायचं आणि मग तळव्यानं थापून केस बसवायचे. म्हणून ‘केस चोपून बसवले’ असं कुणी म्हणालं की मला त्यात तेलाचा वासही येतो, आणि तो भास आहे असं मला वाटत नाही. बोलणाऱ्यांच्या मनात हे दोन शब्द कधीच एकमेकांत मिसळलेत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी यावरूनच मी मार खाल्ला होता (चोपच म्हणा). एका कोकणातल्या लेखकाच्या गोष्टीत ‘डोक्याला तेल चोपून’ असं होतं. चूक समजून मी ते सगळीकडे ‘चोपडून’ केलं. मुद्रित त्यांच्याकडून परत आलं, त्यात प्रत्येक ‘डू’ तांबड्या शाईनं खोडलेला, आणि समासात एकच वाक्य: ‘आमच्याकडे दोन्ही करतात, मी लिहिलंय ते केलेलं आहे.’ तेव्हापासून क्रियापदाला हात लावण्याआधी लेखकाला विचारते.

एक शंका इथे रास्त आहे. ‘चोपून’ला खरंच स्वतःचा अर्थ आहे, की तो नुसता ‘चापून’चा प्रतिध्वनी? मराठीला शब्दाला शेपूट लावायची हौस आहे. त्यातला सर्रास चालणारा प्रकार ‘बि’चा: जेवणबिवण, साडीबिडी. दुसरा प्रकार स्वर बदलण्याचा: साफसूफ, झाडझूड, ठोकूनठाकून. ‘चापूनचोपून’ दिसायला या दुसऱ्या रांगेतला आहे. पण ‘साफसूफ’मधलं ‘सूफ’ वेगळं काढून बघा, हातात काही उरत नाही. ‘चोपून’ वेगळं काढलं तर अख्खं क्रियापद हातात येतं, आणि तेही नेमकं त्याच कामाचं. म्हणून माझं मत असं की ही जोडी घासूनपुसून, तोलूनमापून यांच्या जातीची आहे, दोन्ही पाय खरे. स्वरांची गंमत तिला वरून मिळाली आणि त्यामुळे ती जिभेवर बसली. कुणी तिला नुसता प्रतिध्वनी मानत असेल तर मी वाद घालणार नाही. अर्थ त्यानं बदलत नाही.

याच कुळातली एक बहीण तुम्ही आजही वापरत असाल: चेपणं. आजीचे पाय चेपून दिले असतीलच. आणि कुळातला परदेशी गेलेला भाऊ तुमच्या न्हाणीघरात बाटलीत बसलाय. शांपू हा इंग्रजी शब्द हिंदी ‘चाँपो’वरून, म्हणजे ‘चाँपना’च्या आज्ञार्थावरून तयार झाला. अठराव्या शतकात इंग्रज तो अंग रगडून घेणं या अर्थानं वापरत. १७५९मध्ये पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद पुढे इंग्लंडात ब्रायटनला गेले, तिथे त्यांनी वाफारा आणि मालिशची स्नानगृहं चालवली, आणि चौथ्या जॉर्ज राजाचे ‘शांपूइंग सर्जन’ अशी पदवी मिळवली. त्या पदवीतलं शांपू म्हणजे चंपी, साबण नव्हे. केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात मागून चिकटला. म्हणजे आजी ज्या शब्दानं केस बसवायची आणि नात ज्या शब्दानं ते तेल धुऊन टाकते, ते दोन्ही एकाच मुळाचे. (चपटा, चपाती हेही याच आसपासचे. पोळी म्हणणाऱ्यांनी रागावू नये. आणि संस्कृतच हवं असेल तर काकांना ‘चिपिट’ द्या. त्याचा अर्थ चपटं. चिपिटक म्हणजे पोहे आणि त्यावरूनच आपला चिवडा. धनुष्याइतकं भारदस्त नाही, पण काकांना आवडेल.)

मुळाचा हा सगळा पसारा मी हौस म्हणून मांडलेला नाही. अर्थ इथूनच कळतो. चापूनचोपून हा तळहाताचा शब्द आहे.

इस्त्री घरोघरी नव्हती, साडीच्या पिना नव्हत्या, तेव्हा नीटनेटकं दिसण्याचं बहुतेक काम तळहात करायचा. लुगडं दोरीवर अर्धवट वाळलं की काढायचं, दोघींनी टोकं धरून झटकायचं, मांडीवर घडी घालायची आणि प्रत्येक घडीवर तळवा फिरवत, थापट्या मारत सुरकुत्या काढायच्या. मग ती घडी रात्रभर गादीखाली. नेसताना निऱ्या बोटांत धरून, दाबून, एकीवर एक बसवून खोचायच्या. काष्टा असा घालायचा की उठता-बसता सुटायचा नाही. केसांवर खोबरेल, फणी, आणि शेवटी दोन्ही तळवे कपाळापासून मागे. यातल्या प्रत्येक पायरीला चापणं आहे किंवा चोपणं आहे. शब्द कुणी अलंकार म्हणून रचलेला नाही, कामाचं वर्णन म्हणून तो निघाला आणि पुढे तयार झालेल्या रूपाला चिकटला.

म्हणूनच चापूनचोपूनचा अर्थ सुंदर नाही, महाग नाही, नटलेलं तर मुळीच नाही. काही सुटलेलं नाही, फुगलेलं नाही, उडत नाही, असा तो अर्थ. याची उलट बाजू बघा म्हणजे जास्त स्पष्ट होईल: अघळपघळ, ढगळ, गबाळं, केसांच्या झिंज्या. सगळे सैलपणाचे शब्द. शेजारचे शब्दही ताडून पाहा. टापटीप माणसाच्या सवयीत असते आणि कपाटातही असते. नीटनेटकेपणा हा स्वभाव. वेणीफणी हा रोजचा उरकायचा कार्यक्रम. नट्टापट्टा म्हटलं की बोलणाऱ्याची एक भुवई वर गेलेलीच असते. ‘निगा’ वेगळ्याच वाटेनं आलाय, फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर. केसांची निगा राखणं म्हणजे मुळात त्यांच्यावर लक्ष ठेवणं. निगा नजरेनं राखतात, चापूनचोपून हातानं बसवतात.

या फरकाची किंमत मी एकदा मोजली आहे. एका हॉटेलच्या कर्मचाऱ्यांसाठी सूचनांची पुस्तिका मराठीत करायची होती. ‘वेल-ग्रूम्ड’ला शब्द हवा होता. मला माझं मराठी मिरवायचं होतं, मी लिहिलं: ‘कर्मचाऱ्यांनी चापूनचोपून तयार होऊन कामावर यावे.’ तिथली पोरं आठवडाभर डोक्याला तेल थापून, मधोमध भांग पाडून आली. थट्टा होती, पण थट्टेत व्याकरण शंभर टक्के बरोबर होतं. आजच्या केशरचनेत केस फुगवतात, मोकळे सोडतात, दाढी कोरून ठेवतात. पार्लरमध्ये दोन तास घालवून केलेले फुगीर केस कितीही निगुतीचे असोत, चापूनचोपून होऊ शकत नाहीत. मेहनत किती घेतली ते या शब्दात मोजलं जात नाही, बसवलं किती ते मोजलं जातं. दुसऱ्या आवृत्तीत ‘नीटनेटके’ केलं आणि विषय मिटवला.

हा शब्द कौतुकाचा की टोमण्याचा, असं तुम्ही शेवटी विचारलंय. इथे मी एक उत्तर देऊ शकत नाही, कारण ते माणसावर आणि सुरावर आहे. शाळेत निघालेल्या लहान मुलीला ‘कशी चापूनचोपून वेणी घातली आहे आईनं’ म्हटलं तर लाड आहेत. पन्नाशीच्या पुरुषाला ‘आज अगदी चापूनचोपून?’ विचारलं तर विचारणारा हसतो आहे. लग्नघरात नऊवारी नेसून आलेल्या मुलीला एखादी मावशी ‘चापूनचोपून बसली आहे हं’ म्हणाली तर त्याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही, कारण मावशीला नेसणं कळतं. आजीच्या पिढीतल्या बाईबद्दल, नातीच्या तोंडून, पुस्तिकेत आलेला हा शब्द कुणालाही टोमणा वाटायचा नाही. तुमच्या मावसभावाला वाटला, तो अर्थामुळे नव्हे, तर त्यानं शब्द मधोमध कापून अर्धाच ऐकला म्हणून.

तर थोडक्यात, म्हणजे पुस्तिकेच्या घाईत इतकं वाचायला वेळ नसेल तर: चापणे म्हणजे दाबणं, चोपणे म्हणजे थापून बसवणं, चोपडण्याचं तेल त्यात थोडं मिसळलेलं, धनुष्याचा संबंध नाही, अपमान नाही.

आता वाक्यातली अडचण. ‘आजी कायम चापूनचोपून असायची.’ चापून, चोपून ही दोन्ही ‘ऊन’ लागलेली रूपं. ती क्रिया कशी केली ते सांगतात, माणूस कसा आहे ते सांगत नाहीत. आपण ‘तो जपून चालतो’ म्हणतो. ‘कसून मेहनत करते’ म्हणतो, ‘कसून असते’ म्हणत नाही. तसंच चापूनचोपूनला पुढे एक हात लागतो: नेसणं, घालणं, बांधणं, बसवणं. ‘असायची’शी तो टेकवला की वाक्य अधांतरी राहतं. बोलताना हल्ली हे खपतं, कान ओढून कुणी दुरुस्त करत नाही. छापताना मी करीन. आजी कायम कशी असायची हेच सांगायचं असेल तर ‘नीटनेटकी’ घ्या. चापूनचोपून ठेवायचं असेल तर आजीला काहीतरी करू द्या.

आणि करण्यासारखं तुमच्याकडे भरपूर आहे. प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात की आजी सुती नऊवारी नेसायची, केसांना खोबरेल लावून लहानसा अंबाडा घालायची, आणि पाहुणे यायचे म्हटलं की दारातच उभी राहून एकदा पदरावरून हात फिरवायची. तो हात फिरवणं तुम्ही वाक्याबाहेर ठेवलंत आणि नुसता शब्द आत घेतलात. मी असं करीन: ‘आजीचं नऊवारी चापूनचोपून नेसलेलं असायचं, तरी दारावर थाप पडली की ती पदरावरून एकदा तळवा फिरवायची.’ इथे ‘असायचं’ चालतं, कारण ते ‘नेसलेलं’ला धरून आलंय. हे वाक्य माझं आहे, तुमच्या आजीला मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यातलं खरं-खोटं तुम्हीच तपासा.

छापताना दोन गोष्टी. एकच शब्द लिहा, मध्ये जागा नको आणि जोडरेघही नको. आणि दोन्ही ‘पू’ दीर्घ. मुद्रकाकडून ‘चापुनचोपुन’ होऊन येण्याची फार शक्यता आहे, शेवटचं मुद्रित स्वतः वाचा.